सत्तावीस वर्षे एकटा: अटलांटाच्या विली बी गोरिलाचे प्रकरण

अमेरिकेतील अटलांटा शहराच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये गोरिलाचे एक पिल्लू आणले गेले. आफ्रिकेच्या जंगलात पकडलेले हे नर पिल्लू त्या वेळी साधारण तीन वर्षांचे होते. शहराचे तेव्हाचे महापौर विल्यम बेरी हार्ट्सफील्ड यांच्या नावावरून त्याला ‘विली बी’ हे नाव मिळाले. पुढची सत्तावीस वर्षे त्याने एका बंदिस्त पिंजऱ्यात, दुसऱ्या कोणत्याही गोरिलाच्या सहवासाशिवाय काढली. १९८८ मध्ये तो अटलांटात प्रथमच उघड्यावर, मातीवर आला. त्यानंतर त्याला माद्यांचा सहवास लाभला, तो पाच पिल्लांचा बाप झाला, आणि २ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या सुमारे एक्केचाळिसाव्या वर्षी, हृदयाच्या स्नायूंच्या विकाराने मरण पावला.

बंदिवासातील गोरिलांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करताना हे प्रकरण निवडण्याचे कारण असे, की त्यात चूक आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्याच्या आयुष्यात, एकाच संस्थेत आणि एकाच शहरात घडल्या आहेत. विली बीवर अटलांटाच्या लोकांचा जीव होता. त्याची उपासमार झाली नाही, त्याला कोणी मुद्दाम छळले नाही. तरीही त्याच्या आयुष्याचा अर्ध्याहून अधिक भाग वाया गेला. हे कसे घडले आणि कशामुळे थांबले, हे नीट पाहिले पाहिजे.

पिंजरा, टायर आणि टीव्ही

त्या काळचे निर्णय आजच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे ठरेल, म्हणून आधी त्या काळाकडे पाहू. बंदिवासात गोरिलाचा पहिला जन्म १९५६ मध्ये अमेरिकेतील कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयात झाला, दुसरा १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलला. म्हणजे विली बी अटलांटात आला तेव्हा गोरिलांचे कुटुंब बंदिवासात वाढवण्याचा अनुभव जगात जवळपास कोणाकडेच नव्हता. गोरिला नाजूक असतो, माणसाचे आजार त्याला चटकन लागतात, क्षयाने किंवा न्यूमोनियाने पिल्ले दगावतात, हा मात्र अनेकांचा अनुभव होता. त्यामुळे धुता येईल अशी फरशी, गुळगुळीत भिंती, गज आणि काच ही चांगल्या व्यवस्थेची खूण समजली जाई. आजारांची भीती खरीच होती, कारण माणसाचे श्वसनाचे आजार गोरिलाला होतातच. २०२१ मध्ये याच अटलांटात अनेक गोरिलांना कोविडची बाधा झाली. पण जंतूंपासून वाचवण्यासाठी बांधलेल्या खोलीत माती नव्हती, पाला नव्हता, उंचावर बसायला जागा नव्हती आणि दुसरा गोरिला नव्हता.

विली बीच्या पिंजऱ्यात टांगलेला एक टायर होता आणि बघण्यासाठी एक टीव्ही होता. हा टीव्ही पुढे अटलांटाच्या लोककथेचाच भाग बनला. टीव्ही बसवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. प्राणी कंटाळला आहे हे त्यांनी ओळखले होते, म्हणजे निदान बरोबर होते. उपाय मात्र माणसाच्या घरातून उचललेला होता. गोरिलाचे रिकामपण दोन गोष्टींनी भरते. एक म्हणजे अन्न शोधण्यात, सोलण्यात आणि चघळण्यात जाणारे तास. जंगलातला गोरिला दिवसाचा फार मोठा भाग त्यात घालवतो. देठ दातांनी उभा चिरतो, आतला रसदार गाभा काढून खातो आणि साल टाकून देतो. दुसरी गोष्ट म्हणजे इतर गोरिलांकडे लक्ष ठेवणे: कोण कुठे बसले आहे, पिल्लू कोणाच्या अंगावर चढते आहे, कोणती मादी जवळ सरकली आणि कोणती पाठ फिरवून बसली. काचेपलीकडच्या पडद्यावर यातले काहीच नव्हते.

एक आक्षेप इथे येऊ शकतो. जंगलातही वयात आलेला नर आपली मूळची टोळी सोडून काही काळ एकटा फिरतोच, मग एकट्या नरात वावगे काय? हे निरीक्षण खरे आहे, पण तो एकटेपणा वेगळ्या जातीचा असतो. रानातला एकटा नर दुसऱ्या टोळ्यांचा माग काढत हिंडतो, त्यांचा वास घेतो, छाती बडवल्याचा आवाज ऐकतो आणि संधी मिळताच एखादी मादी आपल्याकडे ओढतो. त्याचे एकटेपण म्हणजे शोधाचा काळ असतो. विली बीकडे शोधण्यासारखे काहीच नव्हते, आणि तो एकटा पडला तो वयात आल्यावर नव्हे, तर तिसऱ्या वर्षी, ज्या वयात गोरिलाचे पिल्लू अजून आईच्या कुशीत झोपते.

१९७० च्या दशकापर्यंत ज्ञानाचा अभाव ही सबब संपत आली होती. युरोप आणि अमेरिकेतील काही प्राणिसंग्रहालयांत गोरिलांचे गट नांदू लागले होते. सिएटलच्या वूडलँड पार्क प्राणिसंग्रहालयाने त्या दशकाच्या अखेरीस गोरिलांसाठी झाडाझुडपांचे, उंचसखल असे मोकळे आवार उभारले आणि गोरिला झाडे उपटून टाकतील, पडून मरतील ही भाकिते फोल ठरली. अटलांटात मात्र काहीच हलले नाही. माझ्या मते विली बीला या काळात गट असलेल्या दुसऱ्या ठिकाणी पाठवायला हवे होते. शहराच्या लाडक्या प्राण्याला शहराबाहेर पाठवणे कोणत्याही नगरपालिकेला जड जाते, हे समजण्यासारखे आहे; पण त्या लाडाची किंमत त्या प्राण्याने मोजली, हेही तितकेच खरे.

१९८४: संस्थेची झाडाझडती

बदलाची सुरुवात गोरिलापासून झाली नाही, संस्थेच्या नामुष्कीपासून झाली. १९८४ मध्ये अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातील गैरव्यवस्था वर्तमानपत्रांतून चव्हाट्यावर आली, देशातील सर्वांत वाईट प्राणिसंग्रहालयांत त्याची गणना झाली आणि प्राणिसंग्रहालयांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता गेली. त्याच वर्षी जॉर्जिया टेक या संस्थेतील मानसशास्त्रज्ञ आणि वानरांच्या वर्तनाचे अभ्यासक टेरी मेपल यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. पुढच्याच वर्षी संग्रहालय नगरपालिकेच्या खात्यातून काढून एका स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे सोपवले गेले आणि त्याचे नाव ‘झू अटलांटा’ झाले.

या प्रशासकीय तपशिलात वाचकाला गोडी वाटणार नाही, पण प्रकरणाची किल्ली इथेच आहे. गोरिलांचे आवार बांधायचे तर वर्षानुवर्षांचा निधी हवा, प्रशिक्षित कर्मचारी हवेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या संस्थांनी आपले गोरिला विश्वासाने तुमच्या हवाली करायला हवेत. मान्यता गमावलेल्या प्राणिसंग्रहालयाला कोण गोरिला देणार? वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गोरिला १९७५ पासून आहे. जंगलातून नवे प्राणी आणण्याचा रस्ता बंद झालेला होता आणि तो बंद व्हायलाच हवा होता. त्यामुळे बंदिवासातील गोरिलांची सगळी संख्या एकच लोकसंख्या मानून चालवली जाते. कोणाची जोडी कोणाशी लावायची, कोणाला कुठे हलवायचे, कोणाला संततिप्रतिबंधक द्यायचे, हे वंशावळीच्या नोंदवहीवरून ठरते. गोरिलाची आंतरराष्ट्रीय नोंदवही जर्मनीतील फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयात ठेवली जाते. प्राणी विकत घेतले जात नाहीत, ते उसने दिले जातात.

या हिशोबात विली बीचे मोल एकाएकी वाढले. तो जंगलात जन्मलेला होता आणि त्याला एकही पिल्लू नव्हते. म्हणजे त्याचा वंश बंदिवासातील लोकसंख्येत कुठेच आलेला नव्हता. ज्या प्राण्याला इतकी वर्षे एक प्रेक्षणीय वस्तू म्हणून ठेवले गेले, तो अनुवंशाच्या दृष्टीने अनमोल निघाला.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठाकडे यर्कीस हे वानर-संशोधन केंद्र होते आणि तिथे अनेक गोरिला होते. त्यांना दीर्घ मुदतीसाठी प्राणिसंग्रहालयाकडे देण्याचा करार झाला. फोर्ड कंपनीच्या अर्थसाहाय्यातून आफ्रिकी वर्षावनाच्या धर्तीवर नवे दालन उभे राहिले आणि ते १९८८ मध्ये खुले झाले. एकाच मोठ्या मैदानाऐवजी खंदकांनी विभागलेली, एकमेकांना लागून असलेली अनेक आवारे ही या रचनेची खुबी होती. त्यामुळे वेगवेगळी कुटुंबे स्वतंत्र राहत, पण एकमेकांना दिसत, ऐकू येत आणि वासाने कळत. रुपेरी पाठीचा, म्हणजे पूर्ण वाढलेला नर छाती बडवतो ती पलीकडच्या नराने ऐकावी म्हणून. ऐकणारा कोणी असला तरच त्या बडवण्याला अर्थ उरतो.

मातीवर पाऊल

१९८८ च्या मे महिन्यात विली बीच्या दालनाचे दार उघडले गेले. तो आता सुमारे दोनशे किलो वजनाचा, तीस वर्षांचा नर होता. इतकी वर्षे काँक्रीटवर काढलेल्या प्राण्याला उघडे दार म्हणजे सुटका वाटेल, अशी अपेक्षा करणे ही आपली चूक असते. त्याला ते संकटही वाटू शकते. पायाखाली टणक फरशीऐवजी दबणारी जमीन, डोक्यावर छप्पर नाही, वारा अंगाला लागतो, सावली हलते. अशा वेळी प्राण्याला बाहेर ढकलायचे नसते. दार उघडे ठेवून थांबायचे असते आणि आत परतण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी राहील याची काळजी घ्यायची असते. विली बी बिचकत, थांबत, पण स्वतःहून बाहेर आला. सत्तावीस वर्षांनंतर त्याच्या तळव्यांखाली गवत होते. अटलांटातील अनेकांना तो दिवस आजही आठवतो.

खरी कसोटी पुढे होती. प्रौढ गोरिलांची ओळख करून देणे हे व्यवस्थापनातले सर्वांत जोखमीचे काम आहे. नराचे सुळे लांब असतात, ताकद अफाट असते, आणि घाबरलेला नर चिडलेल्या नराइतकाच घातक ठरतो. म्हणून हे काम पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी शेजारच्या खोल्यांत ठेवून आवाज आणि वास यांची सवय होऊ देतात. मग मजबूत जाळीतून एकमेकांना पाहू देतात; इथे कर्मचाऱ्यांना तासन्‌तास बसून टिपणे काढावी लागतात. मादी जाळीला पाठ टेकून बसली, की तिला भीती वाटत नाही, असे समजता येते. नर ओठ आत ओढून ताठ उभा राहिला, तर त्या दिवशी पुढची पायरी चढायची नसते. जाळीपाशी शेजारी बसून दोघे खाऊ लागले, की मग दार उघडण्याचा विचार होतो, आणि तेव्हाही एकेका मादीपासूनच सुरुवात होते. पळायला दोन दारे हवीत, कोपऱ्यात कोंडी होईल अशी जागा नको, आणि किरकोळ ओरखड्यांना घाबरून मधे पडायचे नाही, हे अनुभवाचे नियम आहेत.

विली बीच्या बाबतीत शंका घ्यायला भरपूर जागा होती. लहानपणी एकटे पडलेले नर वानर मोठेपणी माद्यांशी कसे वागावे हेच शिकलेले नसतात. काही हल्ला करतात, काही भिंतीकडे तोंड करून बसतात, पुष्कळांचे मीलनच होत नाही. विली बी माद्यांसोबत राहायला शिकला. यामागे काय असेल? मला वाटते, पकडले जाण्यापूर्वी आईजवळ काढलेल्या सुरुवातीच्या वर्षांचा यात वाटा असला पाहिजे. ज्याला आईची पाठ, तिचे अंग खाजवणे, तिचा धपाटा ठाऊक होता, त्याच्यात गोरिलापणाचा पाया घातला गेला होता. तो गंजला होता, पण मोडला नव्हता. हा माझा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच तो मांडतो. पण माणसाच्या हाताने बाटलीवर वाढवलेल्या पिल्लांचे जे प्रश्न अनेक ठिकाणी दिसले, त्यांच्याशी तो जुळतो, आणि म्हणूनच आज आई पिल्लाला सांभाळत असेल तर तिच्या हातून ते काढून घेऊ नये, असाच दंडक आहे.

तरी पिल्लू व्हायला आणखी जवळजवळ सहा वर्षे गेली. ८ फेब्रुवारी १९९४ रोजी चूम्बा या मादीने एका मादी पिल्लाला जन्म दिला. अमेरिकेच्या दक्षिण भागात कुंपणे आणि झाडे झाकून टाकणारी कुडझू नावाची एक वेल सर्वत्र फोफावते. तिच्यावरून पिल्लाचे नाव कुडझू ठेवले गेले. विली बी या पिल्लाशी सौम्यपणे वागला. त्याच्यासारख्या धिप्पाड नराच्या अवतीभवती मुठीएवढ्या डोक्याचे पिल्लू हुंदडताना पाहायला लोकांची रीघ लागे. पुढच्या सहा वर्षांत त्याला आणखी चार पिल्ले झाली. पाचांपैकी चार मुली आणि एक मुलगा. नातवंडेही पुढे त्याच संग्रहालयात जन्मली.

हृदय

विली बी गेला तेव्हा हजारो लोक त्याच्या शोकसभेला जमले. आज संग्रहालयात त्याचा कांस्य पुतळा आहे. पण प्रकरण अभ्यासाच्या दृष्टीने त्याच्या मृत्यूचे कारण शोकसभेपेक्षा महत्त्वाचे आहे. बंदिवासातील प्रौढ नर गोरिलांच्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत तंतुमय ऊती वाढतात, स्नायू ताठरतो आणि हृदय हळूहळू थकते. माणसाला येतो तसा धमनी तुंबून येणारा झटका हा नव्हे. बाहेरून प्राणी ठणठणीत दिसतो आणि एक दिवस कोसळतो. विली बीला मोकळे आवार, कुटुंब आणि पिल्ले मिळाली. हृदयविकार मात्र टळला नाही. सामाजिक जीवन सुधारले म्हणून शरीराचे सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे या प्रकरणातले अवघड सत्य आहे.

संशयाची सुई बराच काळ आहाराकडे वळते आहे. अनेक दशके प्राणिसंग्रहालयांत गोरिलाला जीवनसत्त्वे घातलेली, पिठाची आणि साखरेची घट्ट बिस्किटे देत असत. पोषणाचे कोष्टक त्यातून पूर्ण होई, पण ती काही मिनिटांत संपत. मग उरलेल्या दिवसात गोरिला गिळलेले अन्न पुन्हा तोंडात आणून ते परत खाण्याच्या सवयीला लागत, स्वतःचे केस उपटत. क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांच्या आहारातून ही बिस्किटे काढून टाकली गेली. त्याऐवजी रोज प्रत्येकी साडेचार किलोच्या आसपास पाला आणि भाज्या येऊ लागल्या: सॅलडची पाने, लसूणघास, घेवड्याच्या शेंगा, चघळायला डहाळ्या, थोडी जवस. उष्मांक आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट झाले, तरी दोघांचे वजन सुमारे तीस-तीस किलोंनी उतरले, आणि ओकून खाण्याची सवय सुटली. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ ते खाण्यात घालवू लागले. गुरे-म्हशी सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ओला चारा आणि पेंड यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. इथे तो समजायला अर्धे शतक लागले.

तपासणीची पद्धतही बदलली. पूर्वी गोरिलाचे हृदय तपासायचे तर पूर्ण भूल द्यावी लागे, आणि हृदय अधू असलेल्या प्राण्याला भूल देणेच धोक्याचे. अटलांटात यर्कीसहून आलेला ऑझी नावाचा नर २००९ मध्ये भुलीशिवाय, स्वखुशीने रक्तदाब मोजू देणारा पहिला गोरिला ठरला. जाळीला बसवलेल्या नळकांड्यात तो हात घालतो, आतला दांडा पकडतो, पट्टा फुगतो, हाताला दाब जाणवतो, तरी तो हात काढत नाही, कारण काढायचा असेल तर काढण्याची त्याला मुभा असते आणि पलीकडे खाऊ घेऊन बसलेल्या कर्मचाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. हा विश्वास कमावायला महिनोन्‌महिने जातात: आधी फक्त नळकांड्याजवळ येणे, मग बोटे आत घालणे, मग कोपरापर्यंत हात, मग पट्ट्याचा स्पर्श. छातीला यंत्र लावून सोनोग्राफी करण्यासही गोरिलांना याच रीतीने तयार केले जाते. गोरिला, चिंपांझी यांसारख्या बंदिवासातील महावानरांच्या हृदयांच्या नोंदी एकत्र करणारा ‘ग्रेट एप हार्ट प्रोजेक्ट’ २०१० मध्ये अटलांटाच्याच आश्रयाने उभा राहिला. ऑझी २०२२ च्या जानेवारीत गेला, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा, बंदिवासातील सर्वांत वयस्क नर गोरिला होता. विली बीपेक्षा वीस वर्षे अधिक.

म्हैसूरचा धागा

हे प्रकरण आपल्यापासून फार लांबचे नाही. म्हैसूरच्या श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात १९९५ मध्ये डब्लिनहून पोलो नावाचा नर गोरिला आला. म्हैसूरची सहल केलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांनी त्याला पाहिले असेल. भारतातला तो एकमेव गोरिला होता. त्याला जोडीदार मिळवण्याचे प्रयत्न झाले, पण ते फळले नाहीत, आणि २०१४ मध्ये तो एकटाच गेला. विली बीसारखाच लाडका, आणि चाळिशी ओलांडून गेलेला.

एका देशात एकच गोरिला ठेवण्याची अडचण इथे स्पष्ट दिसते. एकटा नर दुसऱ्या गटात सामावून घ्यायचा तर तो गट हजारो किलोमीटर दूर असतो. आणि आपल्याकडे मादी पाठवायला कोणी धजावत नाही, कारण एका जोडीने कुटुंब होत नाही. २०२१ मध्ये म्हैसूरला जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन गोरिला आले, त्यांच्यासाठी नवे आवार बांधले गेले. दोघेही नर आहेत, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. त्यामागचे गणित असे: गोरिलांत नर आणि मादी पिल्ले जवळपास सारख्याच संख्येने जन्मतात, पण एका कुटुंबात सहसा एकच प्रौढ नर आणि अनेक माद्या असतात. म्हणजे प्रत्येक पिढीत कितीतरी नर कुटुंबाबाहेर उरतात. त्यांना विली बीसारखे एकटे कोंडायचे नसेल, तर नरांचेच गट करावे लागतात; ते लहान वयापासून एकत्र वाढले तर बरेचदा नीट जमते, वयात येताना मात्र कुरबुरी वाढतात आणि गरज पडल्यास वेगळे करता येईल अशी दालने तयार ठेवावी लागतात. आले तेव्हा थाबो चौदा वर्षांचा होता आणि डेम्बा आठ वर्षांचा. डेम्बाची पाठ अजून रुपेरी व्हायची होती. ती होत असतानाची वर्षे दोघांच्याही आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्याही दृष्टीने नाजूक असतात.